रांगोळीचे ठिपके आणि चौरसाची दुप्पट

(शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळी सडासंमार्जन आटोपले की गृहिणी रांगोळीची चिमूट हाती घेते आणि रेषा ओढण्यापूर्वी अंगणात ठिपके मांडते. आजच्या विषयाचा आरंभ याच ठिपक्यांपासून करणे उचित ठरेल. चार ओळी आणि दर ओळीत चार, असे सोळा ठिपके समान अंतरावर मांडले आहेत अशी कल्पना करावी. दोन शेजारच्या ठिपक्यांमधील अंतराला एक घर म्हणावे. आता प्रश्न असा की, याच ठिपक्यांना कोपरे मानून एकूण किती चौरस काढता येतील?

बहुतेकांचे उत्तर चौदा येते. एका घराची बाजू असलेले नऊ चौरस, दोन घरांची बाजू असलेले चार आणि सर्वांना कवेत घेणारा तीन घरांच्या बाजूचा एक, अशी ती मोजणी आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. खरे उत्तर वीस आहे. उरलेले सहा चौरस दृष्टीस पडत नाहीत, कारण ते तिरके आहेत. चौरस म्हटला की त्याचा पाया जमिनीशी समांतर असावयाचा, ही सवय डोळ्यास जडलेली असते. एका ठिपक्यापासून एक घर उजवीकडे व एक घर वर जाऊन बाजू आखली, तर चार तिरके चौरस मिळतात. दोन घरे उजवीकडे व एक घर वर अशी बाजू घेतली, तर आणखी दोन मिळतात.

या सहा चौरसांत केवळ गंमत नाही. अंकगणिताच्या इतिहासातील एक मोठी अडचण त्यांच्या बाजूंत दडलेली आहे, आणि तिचा संबंध शाळेच्या फळ्याशी, गवंड्याच्या दोरीशी व जमिनीच्या मोजणीशीही पोहोचतो.

प्रथम या तिरक्या चौरसांचे क्षेत्रफळ पाहू. लहान तिरका चौरस दोन घरांच्या बाजूच्या उभ्या चौरसात नेमका बसतो. त्या बाहेरच्या चौरसाचे क्षेत्रफळ ४. त्याच्या चार कोपऱ्यांवरील अर्ध्या अर्ध्या घराचे चार त्रिकोण वगळले की २ उरतात. मोठा तिरका चौरस तीन घरांच्या चौरसात बसतो. तेथे ९ मधून एकेका घराचे चार त्रिकोण वजा होतात व ५ उरतात. म्हणजे एकाचे क्षेत्रफळ २ आणि दुसऱ्याचे ५. त्यांत अपूर्णांकाची काहीच भानगड नाही. मात्र त्यांची बाजू किती, असे विचारले की उत्तर अडते. जिला तिनेच गुणले असता २ येतात अशी संख्या कोणती? १ ने गुणाकार १ येतो, २ ने ४ येतो. दीड घेतल्यास सव्वादोन होतात. डोळ्यासमोर सरळ रेषा आहे, तिची दोन्ही टोके ठिपक्यांवर पक्की आहेत, आणि तरीही तिची लांबी सांगता येत नाही.

हाच प्रश्न ग्रीस देशात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला गेला. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादग्रंथात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला बोलावून जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो व त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढावयास सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करावी. चार फूट बाजू घेतली तर क्षेत्रफळ सोळा होते. हवे होते आठ. मग तो तीन फूट बाजू सुचवतो. आता क्षेत्रफळ नऊ होते. येथे मुलगा थांबतो व आपल्याला ठाऊक नाही असे कबूल करतो. त्या कबुलीला सॉक्रेटिस फार महत्त्व देतो, कारण आपले अज्ञान कळल्यावाचून माणूस शोध घेऊ लागत नाही. शेवटी चौरसाचा कर्ण दाखवला जातो. मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस बरोबर दुप्पट असतो.

याची खातरजमा करण्यास कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. एक चौकोनी हातरुमाल घ्यावा आणि त्याची चारही टोके मध्यबिंदूवर आणून दुमडावीत. जो लहान चौरस तयार होतो, त्यात कापडाचे सर्वत्र दोन थर असतात. म्हणजे तो मूळ रुमालाच्या निम्मा आहे. रुमालाची पूर्ण बाजू हीच या लहान चौरसाच्या कर्णाची लांबी होय. पहिल्या इयत्तेतील मूलही हे हाताने करून पाहू शकते.

त्या ग्रीक मुलाची चूक जुनी झालेली नाही. सीमाभागात व महाराष्ट्रात जमीन आजही गुंठ्यांत बोलली जाते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. समजा, एखाद्या कुटुंबास घरासाठी अर्धा गुंठा चौरस जागा घ्यावयाची आहे. गुंठ्याची बाजू ३३ फूट, तेव्हा अर्ध्या गुंठ्याची साडेसोळा फूट, असा हिशेब सहज तोंडी येतो. तो मान्य करून पैसे मोजणाऱ्याच्या पदरी अर्धा गुंठा पडत नाही, पाव गुंठा पडतो. साडेसोळा गुणिले साडेसोळा म्हणजे २७२ चौरस फूट व वर पाव फूट. अर्धा गुंठा भरतो ५४४ चौरस फूट व वर अर्धा फूट. बाजू निम्मी केली की क्षेत्र चौथाई होते, ही एक गोष्ट घराघरांत पोहोचली तरी कित्येकांचे नुकसान टळेल. मग अर्ध्या गुंठ्याची खरी बाजू किती, हे पुढे ओघाने येईल.

आपल्या देशात चौरसाच्या दुपटीचा प्रश्न यज्ञवेदीच्या निमित्ताने उभा राहिला. वेदी बांधण्याची मापे ज्या ग्रंथांत दिली आहेत त्यांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. त्यांपैकी बौधायनाचे शुल्बसूत्र सर्वांत प्राचीन मानले जाते व ते इसवी सनापूर्वीच्या आठव्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे असावे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हात उंचावून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीला ‘पुरुष’ म्हणत. अग्निचयनाची पहिली चिती साडेसात चौरस पुरुषांची, पुढची साडेआठ, त्यापुढची साडेनऊ, असा क्रम सांगितला आहे. आकार तोच ठेवावयाचा आणि क्षेत्र मात्र नेमके तेवढेच वाढवावयाचे, असा हा नियम होता. दोन चौरसांच्या बेरजेइतका एक चौरस कसा करावा, आयताचा चौरस कसा करावा, हे प्रश्न त्यातून आपोआप निर्माण झाले.

बौधायनाने चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र निर्माण करते असे स्पष्ट सांगितले आहे. आयताच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियमही तेथेच आहे. शाळेत तो पायथागोरसच्या नावाने शिकवला जातो. चौरस दुप्पट करणाऱ्या बाजूला ‘द्विकरणी’ व तिप्पट करणाऱ्या बाजूला ‘त्रिकरणी’ अशी नावे आहेत. दोन प्रकारे उत्तर देणे हे या सूत्रकारांचे वैशिष्ट्य होय. दोरीचे उत्तर असे की, कर्ण ताणावा. आणि अंकांचे उत्तर असे की, मापात त्याचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा हिस्सा कमी करावा.

हा नियम बारा हातांच्या बाजूवर लावून पाहावा. १२ चा तिसरा भाग ४ आणि त्याचा चौथा भाग १. बेरीज १७ झाली. त्यातून एका हाताचा चौतिसावा हिस्सा वजा केला की कर्णाची लांबी मिळते. एक घर बाजू धरल्यास हे उत्तर १.४१४२१५६ असे येते. खरे उत्तर १.४१४२१३५ पासून पुढे चालत राहते. दहा लाख भागांत सुमारे दोन भागांचा हा फरक आहे. बाबिलोनियातही, इसवी सनापूर्वी १८०० ते १६०० या काळात, तळहातावर मावेल अशा मातीच्या विटेवर चौरस व त्याचे कर्ण कोरून त्यांची लांबी याहून किंचित अधिक अचूक लिहिलेली आढळते. ती वीट अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

चौतीस ही विचित्र संख्या कोठून आली असावी? बौधायनाने कारण दिलेले नाही, परंतु एक सुटसुटीत स्पष्टीकरण फरशांच्या साहाय्याने देता येते. बारा बाय बाराच्या दोन खोल्यांत प्रत्येकी १४४, म्हणजे एकूण २८८ फरशा आहेत. त्या उचलून एकाच मोठ्या चौरस अंगणात बसवावयाच्या आहेत. सतरा बाय सतराच्या अंगणास २८९ फरशा लागतात. म्हणजे एकच फरशी कमी पडते. तेव्हा अंगणच थोडे लहान करावे. दोन लगतच्या बाजूंनी पट्टी कापावयाची. सतरा आणि सतरा मिळून पट्टीची लांबी चौतीस. एका फरशीएवढे क्षेत्र काढून टाकण्यासाठी पट्टीची रुंदी फरशीच्या चौतिसाव्या हिश्श्याइतकी ठेवावी लागते. हाच तो चौतिसावा हिस्सा. मात्र दोन्ही पट्ट्या ज्या कोपऱ्यात मिळतात तो इवलासा चौरस दोनदा धरला जातो, आणि तेवढा फरक राहतोच.

हा फरक पुढे कधी तरी नाहीसा होईल काय? फरशांचाच खेळ पुढे नेऊ. पाच बाय पाचच्या दोन खोल्यांत ५० फरशा असतात. सात बाय सातच्या अंगणास ४९ लागतात, एक उरते. बारा व सतराच्या जोडीत एक कमी पडते. एकोणतीस व एकेचाळीसच्या जोडीत १,६८२ व १,६८१, पुन्हा एक उरते. सत्तर व नव्व्याण्णवच्या जोडीत ९,८०० व ९,८०१, पुन्हा एक कमी. पुढची जोडी करण्याची रीतही सोपी आहे. जुन्या दोन संख्यांची बेरीज ही नवी लहान संख्या, आणि जुन्या लहान संख्येची दुप्पट अधिक जुनी मोठी संख्या ही नवी मोठी संख्या. याच रीतीने ४०८ व ५७७ ही जोडी येते आणि तीच बौधायनाची जोडी होय. तेथे ३,३२,९२८ फरशा हाती आहेत व ३,३२,९२९ हव्या आहेत. तीन लाखांवर फरशा लागल्या तरी एक फरशी कमी ती कमीच.

अधिक मोठी अंगणे घेत राहिल्यास कोठे तरी बरोबर जुळेल, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ते कधीच जुळणार नाही. हे केवळ प्रयत्न फसले म्हणून म्हटलेले नाही, ते सिद्ध करता येते. समजा, दोन समान खोल्यांच्या फरशांनी एक अंगण बरोबर भरले. मग अंगणातील फरशा दोन समान भागांत वाटता येतात, म्हणजे त्यांची संख्या सम आहे. विषम संख्येला तिनेच गुणले तर विषमच येते, म्हणून अंगणाची बाजूही सम असली पाहिजे. सम बाजूच्या अंगणाचे चार समान चौरस पाडता येतात. चार चौरसांत जेवढ्या फरशा तेवढ्याच दोन खोल्यांत, म्हणून अशा दोन चौरसांच्या फरशांनी एक खोली बरोबर भरते. म्हणजे तीच जुळणी पुन्हा मिळाली, केवळ आकार लहान झाला. हाच युक्तिवाद पुन्हा लावला की आणखी लहान जुळणी मिळते, आणि त्यानंतर आणखी लहान. परंतु फरशा अखंड आहेत व त्यांची संख्या अमर्याद घटू शकत नाही. केव्हा तरी एका फरशीवर येऊन थांबावेच लागेल, आणि दोन एकट्या फरशांनी चौरस अंगण होत नाही. तेव्हा मूळ कल्पनाच खोटी ठरते.

दोनाच्या वर्गमुळास कोणत्याही अपूर्णांकाने नेमके लिहिता येत नाही, याचा अर्थ हा. अशा संख्येला अपरिमेय म्हणतात. ती दशांशात लिहू लागल्यास अंक संपत नाहीत व त्यांचा एखादा गट त्याच क्रमाने फिरून फिरून येत राहतो असेही घडत नाही. ती संख्या अस्तित्वातच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. रुमालाच्या घडीत ती पूर्णपणे हजर आहे. दोरीने ती क्षणात दाखवता येते, अंकांनी ती संपूर्ण लिहिता येत नाही, एवढाच भेद आहे.

पुन्हा ठिपक्यांकडे वळू. ठिपक्यांवर १, २, ४, ५, ८, ९, १० या क्षेत्रफळांचे चौरस काढता येतात, पण ३, ६ व ७ यांचे कितीही मोठ्या अंगणात निघत नाहीत. कारण बाजू काही घरे आडवी व काही घरे उभी जाते, आणि क्षेत्रफळ त्या दोन संख्यांच्या वर्गांच्या बेरजेइतके असते. पाच म्हणजे चार अधिक एक, आणि दहा म्हणजे नऊ अधिक एक. तीन ही मात्र दोन वर्गांची बेरीज होत नाही. मूळ संख्यांपैकी ज्यांना चाराने भागल्यावर एक उरतो, जसे ५, १३, १७, २९, त्या सर्व अशा रीतीने लिहिता येतात, हे फ्रान्समधील फर्मा याने १६४० साली सांगितले व पुढील शतकात ऑयलरने सिद्ध केले. पाड्यांइतक्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरास शंभराहून अधिक वर्षे लागली.

ठिपके जेथे हरतात तेथेही दोरी हरत नाही. एक घर रुंद व द्विकरणीइतका लांब असा आयत केला की त्याचा कर्ण त्रिकरणी होतो. त्यावरील चौरसाचे क्षेत्रफळ नेमके तीन. बौधायनाची रीत हीच आहे. तीनपासून सतरापर्यंतच्या, पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांची वर्गमुळे अपरिमेय आहेत हे थिओडोरस या ग्रीक गणितज्ञाने दाखवल्याची नोंद प्लेटोच्या दुसऱ्या एका संवादात आहे.

नववी-दहावीच्या मुलांना ‘करणी’ हा शब्द गणिताच्या पुस्तकात भेटतो. करणी म्हटले की खेड्यात वेगळीच कुजबुज सुरू होते, पण या करणीचा जादूटोण्याशी काडीचाही संबंध नाही. द्विकरणी, त्रिकरणी यांतील करणी तीच ही. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या सर्वांचे नियम दिले आहेत. ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त त्यांनी जवळचे वर्गमूळ काढण्याची सोपी युक्तीही सांगितली आहे. संख्येला एखाद्या मोठ्या वर्गाने गुणावे, वर्गमूळ काढावे आणि शेवटी त्या वर्गाच्या मुळाने भागावे. दोनाला दहा हजारांनी गुणल्यास वीस हजार होतात. त्याचे जवळचे वर्गमूळ १४१ आणि त्यास शंभराने भागले की १.४१. या उत्तरास भास्कराचार्य ‘निकट’ म्हणतात. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे.

निकट उत्तराचा उपयोग किती, हे पाहावयाचे तर कचेरीतील कागद हाती घ्यावा. ‘ए-चार’ आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. या दोन्ही संख्यांना तीनने भागले की सत्तर व नव्व्याण्णव उरतात, म्हणजे फरशांची तीच जोडी, एक फरशी कमी पडणारी. हा आकार १९२२ साली जर्मनीत प्रमाण ठरला व १९७५ साली आंतरराष्ट्रीय मानकात आला. लांबी ही रुंदीच्या चौरसाच्या कर्णाइतकी ठेवल्याने कागद मधोमध कापला तरी दोन्ही तुकड्यांचा आकार मूळ कागदासारखाच राहतो. कागदाचा कोपरा दुमडून रुंदीचा चौरस करावा. दुमडीची तिरकी रेषा कागदाच्या लांबीशी जुळते. टेबलावरील प्रत्येक अर्जात द्विकरणी अशी गुपचूप वावरत असते.

आता अर्ध्या गुंठ्याचा राहिलेला हिशेब पुरा करू. त्याची बाजू २३ फूट ४ इंच घ्यावी. क्षेत्र ५४४ चौरस फूट व वर जेमतेम ४४ शतांश येते. फरक तळहाताच्या पंज्याएवढा म्हणजे आठ चौरस इंच. कोणत्याही मोजणीच्या साखळीस तो पकडता येणार नाही. त्याचप्रमाणे दहा फुटी चौरस खोलीचा कर्ण १४ फूट आणि जवळजवळ पावणेदोन इंच भरला, व दोन्ही कर्ण सारखे आले, की गवंड्याने आखणी काटकोनात आहे असे निःशंक मानावे.

व्यवहारास निकट उत्तर पुरते, म्हणून ते खरे उत्तर ठरत नाही. शिक्षकबंधुभगिनींनी येथे विशेष दक्षता घेतली पाहिजे. दोनाचे वर्गमूळ १.४१४ ‘आहे’ असे फळ्यावर लिहिले जाते आणि मूल ते पाठ करते. एखादा विद्यार्थी घरी गुणाकार करून पाहतो. त्यास १.९९९३९६ मिळतात. तो विचारतो, दोन का आले नाहीत? अशा वेळी त्याला गप्प बसवले तर गणिताविषयीची त्याची निष्ठाच मोडते. उलट, ‘सुमारे’ हा एक शब्द प्रथमच लिहिला असता तर त्याच प्रश्नातून बौधायनापर्यंतची वाट उघडली असती. ‘सुमारे’ म्हणण्यात कमीपणा नाही. मापात किती फरक राहिला हे ज्यास सांगता येते, त्याच्याच मापावर लोक विश्वास ठेवतात. मग तो शिक्षक असो, तलाठी असो वा गवंडी असो.

उद्या शाळेच्या पटांगणात खडूने सोळा ठिपके मांडावेत व मुलांना चौरस मोजावयास सांगावेत. चौदा हे उत्तर येईल. त्यास चूक म्हणू नये. ‘आणखी आहेत’ एवढेच सांगावे आणि वाट पाहावी. कोणी तरी मान तिरकी करून पाहील व पंधरावा चौरस दाखवील. त्याच्या बाजूची लांबी मोजपट्टीने मोजावयास त्यासच पाठवावे.